अरबी समुद्र कोणाचा?

आमच्या मेहुण्यांना ‘अरबी समुद्र’ हे नाव मुळीच खपत नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पाय धुतो आमचे आणि नाव मात्र अरबांचे, हा कुठला न्याय, असे ते विचारतात. तेव्हा म्हटले, या नावाचे मूळ एकदा पाहावेच.

पाहू जाता भलतीच गंमत निघाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने ‘पेरिप्लस’ नावाचे टिपण लिहून ठेवले. त्यात कल्याण, सोपारा, चौल ही आपली बंदरे आहेत. पण हा सारा समुद्र त्याने ‘तांबड्या समुद्रा’तच जमा धरला आहे! पुढे दहाव्या शतकात अल् मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला. चौल, सोपारा आणि ठाणे ज्या समुद्रावर वसली आहेत, त्याला तो ‘लारवी’ म्हणतो. लार म्हणजे गुजरातकडचा आपलाच किनारा. म्हणजे पाहा, अरब माणूस या पाण्याला आमच्या काठाचे नाव देतो आणि आम्ही त्याला अरबांचे! वाचकहो, समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो, हेच खरे.

आता त्याचा पसारा पाहा. पश्चिमेला अरबस्तान आणि आफ्रिकेचे टोक, उत्तरेला इराण व पाकिस्तान, पूर्वेला आपण; दक्षिणेला तो हिंदी महासागराला मिळालेला. क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटर. होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेने आखातातले तेल याच पाण्यावर येते. १९७४ साली ‘बॉम्बे हाय’चे तेल सापडले, तेही याच्याच पोटात.

पण माझ्या मते त्याची खरी थोरवी तेलात नाही, पाण्यात आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे या समुद्राची वाफ पोटात भरून घेतात आणि सह्याद्रीला येऊन थडकतात. पूर्वी गलबते याच वाऱ्यावर इकडे येत आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतत. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तेथून हा समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण बाई त्याच्याकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते! देणारा एक आणि पोचपावती दुसऱ्याला. तरी या समुद्राने हात कधी आखडता घेतला नाही.

अलीकडे मात्र त्याचे लक्षण ठीक दिसत नाही. बंगालच्या उपसागराच्या मानाने हा शांत गणला जाई. आता त्याचे पाणी तापत चालले आहे आणि तापलेले पाणी म्हणजे वादळाचे इंधन. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घराची कौले महिन्याभरात परत चढतात. पोफळ लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात. तोवर त्या घराने खायचे काय?

समुद्र तापतो तो आपण सर्वांनी जाळलेल्या कोळशाने नि तेलाने. तेथे अरबांचे किती आणि आमचे किती, हा हिशेब तो मागत नाही. मेहुण्यांनी त्याला हवे ते नाव द्यावे, माझी हरकत नाही. पण ज्याच्या वाफेवर नाशिकच्या माणसाचा माठ भरतो, त्याची प्रकृती कशी आहे, एवढी चौकशी तरी आपण घाटावरच्यांनीही करावयास हवी.