शिवसागराच्या काठी



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतील वीस-बावीस मंडळी मुलाबाळांसह बामणोलीला जाऊन आली. स्वारगेटहून एस.टी.ने सातारा आणि तेथून कासमार्गे बामणोली. भाकरी, पिठले, ठेचा घरूनच बांधून नेले होते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दिसताच मुले हरखून गेली. पलीकडच्या काठाचे रान म्हणजे कोयना अभयारण्य. ते १९८५ साली जाहीर झाले आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.

होडीत एका मुलाने नावाड्याला विचारले, "काका, तुमचं गाव कोणतं?"

त्याने पाण्याकडे बोट दाखविले. "आजोबांचं गाव हितंच खाली हाय."

सगळे गप्प झाले.

मग मी मुलांना धरणाची माहिती सांगितली. हे धरण साठच्या दशकात पूर्ण झाले. त्यात १०५ टी.एम.सी. पाणी मावते. ते डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडून वीज तयार होते. महाडला १९२७ साली तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी लढणारे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते. माणसाचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा अभावाने अधिक होतात, म्हणून पाणी साठवा, असे त्यांनी १९४५ साली कटकच्या परिषदेत मांडले.

धरण हवेच. पण त्यासाठी उठलेल्या माणसांचे काय? महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली, आणि कोयनाकाठची गावे त्याआधीच उठली होती. २०१८ सालीसुद्धा कोयनेचे प्रकल्पग्रस्त आपल्या हक्कासाठी आंदोलनाला बसले होते. ज्यांचा सातबारा होता त्यांची ही गत, तर दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या भूमिहीनाने कशाच्या बदल्यात काय मागायचे?

बंधू-भगिनींनो, बामणोलीला जरूर जा. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनेच शिरा, प्लॅस्टिकचा कचरा परत आणा. मुलांना पाणी दाखवा आणि त्या पाण्याखालची गावेही सांगा. घरी आल्यावर आजी-आजोबांना विचारा, आपले मूळ गाव कोणते, तेथे जमीन होती का, गाव का सुटले? ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर तोही असाच पाण्याखाली जाईल.

जय भीम!