संचालकांनो, 31 ऑगस्ट ही शेवटची मुदत

आपल्या पतसंस्थेचे अध्यक्ष, सर्व संचालक आणि व्यवस्थापक यांना आम्ही ठेवीदार सभासद हा जाहीर इशारा देत आहोत. 31 ऑगस्टपर्यंत संस्थेच्या सुरक्षेची तपासणी करण्यासाठी बाहेरचा, स्वतंत्र सुरक्षा सल्लागार नेमा आणि नेमणुकीचा ठराव सूचना फलकावर लावा. "बघू, करू" हे वार्षिक सभेत ऐकून झाले. आता ते चालणार नाही.

तिजोरी मजबूत आहे, कॅमेरे चालू आहेत, रात्री वॉचमन असतो, असे आम्हाला सांगितले जाते. नोव्हेंबर 2017 मध्ये नवी मुंबईत बँक ऑफ बडोदाच्या जुईनगर शाखेत चोर दारातून आलेच नव्हते. जवळचा गाळा भाड्याने घेऊन त्यांनी भुयार खणले, थेट लॉकरच्या खोलीत निघाले आणि 30 लॉकर लुटले. आपल्या शाखेशेजारचा गाळा आज कोणाकडे आहे? तिजोरीच्या खोलीची फरशी कधी कोणी तपासली आहे का?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेत तर तिजोरीला हातही लागला नाही. 11 ऑगस्ट 2018 रोजी काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. पैसे काढायला मंजुरी देणारी यंत्रणाच चोरांनी बनावट उभी केली होती. 13 ऑगस्टला आणखी सुमारे 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. 1906 पासून चाललेल्या एवढ्या मोठ्या बँकेवर ही वेळ आली.

त्यानंतर ऑक्टोबर 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. पतसंस्था त्या चौकटीत येत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, आपल्या ठेवीला तेही नाही. इथे बुडाले तर ते निवृत्तांचे, भाजीवाल्यांचे, मुलीच्या लग्नासाठी साठवणाऱ्यांचे बुडेल.

कॅमेरे बसवणाऱ्या ठेकेदाराने किंवा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने आपल्याच कामाला दिलेला दाखला आम्ही मानणार नाही. नेमलेल्या माणसाने संस्थेला एकही उपकरण विकता कामा नये, कोणाकडून कमिशन घेता कामा नये. संगणकाची तपासणी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडूनच व्हावी. काय तपासायचे आणि कुठपर्यंत, हे आधी लेखी ठरवा. सोनेतारणाची पाकिटे, तिजोरीच्या दोन किल्ल्या खरोखर दोघांकडेच राहतात का, नोकरी सोडून गेलेल्यांचे पासवर्ड अजून चालतात का, हे सगळे त्यात आले पाहिजे. अहवाल व्यवस्थापकाच्या हातून गाळून नव्हे, थेट संचालक मंडळापुढे यावा. त्रुटींचा तपशील जाहीर करा असे आम्ही म्हणत नाही, तो चोरांच्या उपयोगी पडेल. दुरुस्ती कोणत्या तारखेला पूर्ण होणार, एवढे मात्र सभासदांना कळलेच पाहिजे.

खर्चाचे कारण पुढे करू नका. यंदाची दिवाळी भेट रद्द करा, आमची हरकत नाही.

मुदत टळली तर 1 सप्टेंबरला सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशीची मागणी करणारा अर्ज उपनिबंधक कार्यालयात दाखल होईल. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. त्या सभेत प्रत्येक संचालकाने या विषयावर कोणती भूमिका घेतली, ते आम्ही नावानिशी इतिवृत्तात नोंदवायला लावू. हलगर्जीपणामुळे संस्थेचे नुकसान झाल्याचे चौकशीत ठरले, तर कलम 88 खाली ते संचालकांच्या खिशातून वसूल होऊ शकते. तुमची घरे, तुमच्या जमिनी त्यात येतात, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

सभासद बंधुभगिनींनो, घाबरून ठेवी काढू नका. गर्दीने चांगली संस्थाही कोसळते. त्याऐवजी चौकशीच्या अर्जावर सही करा आणि वार्षिक सभेला घरातल्या प्रत्येक सभासदाला घेऊन या.