लंडनचा मिठू

परदेशी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत पक्षी नसतात. राजवाडा असतो, घड्याळाचा मनोरा असतो, मेणाचे पुतळे असतात, खरेदीसाठी मोकळा वेळ असतो आणि रात्रीच्या भारतीय जेवणाची हमी तर ठळक अक्षरांत असते. गेल्या मे महिन्यात मी आणि सौ. अशाच एका सहलीतून लंडनला गेलो, तेव्हा माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहून सहलीच्या व्यवस्थापकाने काळजीने विचारले, "काका, मागे नाही ना राहणार?" मी शब्द दिला आणि पहिल्याच दिवशी मोडला.

बकिंगहॅम राजवाड्यासमोर पहारा बदलण्याचा सोहळा चालू होता. सगळ्यांचे मोबाइल डोक्यावर धरलेले. मला पुढच्या गृहस्थांच्या टोपीखेरीज काही दिसेना, म्हणून समोरच्या सेंट जेम्स पार्कमध्ये शिरलो. तिथल्या तळ्यावर पेलिकन, म्हणजे आपले झोळीवाले, ऐटीत बसलेले होते. १६६४ साली रशियाच्या राजदूताने दुसऱ्या चार्ल्स राजाला पेलिकन भेट दिले, तेव्हापासूनची ही हौस. बागेला लागून असलेल्या रस्त्याचे नावच मुळी बर्डकेज वॉक. राजाचे पक्षी तिथे पिंजऱ्यांत असत. पण मला खरा आनंद झाला तो वारकरी पाहून. काळे अंग आणि कपाळावर ठसठशीत पांढरा टिळा, म्हणून आपल्याकडे या पाणपक्ष्याला हे नाव पडले. आपल्या तळ्यांवर हिवाळ्यात त्यांचे थवे पाहिले होते. पण लाल डोक्याच्या, टकलू पिल्लांना आई घास भरवते आहे, हे दृश्य या वयापर्यंत पाहिले नव्हते. त्यात वीस मिनिटे कशी गेली कळले नाही. सौ.चा फोन आला तेव्हा अख्खी बस माझ्यासाठी खोळंबली होती. सर्वांची क्षमा मागितली. ती मिळाली, पण दोन दिवस 'पक्षीवाले काका' हे नाव चिकटले.

दुसऱ्या दिवसापासून मी शहाणा झालो. लंडनला मे महिन्यात पहाटे पाचलाच लख्ख उजाडते, आणि बस निघते साडेआठला. हॉटेलच्या मागे गाड्या लावायच्या जागेला झुडपांचे कुंपण होते. तिथे नाताळच्या शुभेच्छापत्रांवर असतो तो तांबड्या छातीचा रॉबिन भेटला. हिंदुस्थानात आलेल्या साहेबाने आपल्या दयाळाला 'मॅगपाय रॉबिन' म्हटले, त्यात बिचाऱ्याला घरची आठवण असणार. माझे उलटे झाले. छपराच्या टोकावर बसून ब्लॅकबर्ड गाऊ लागला आणि मला आमच्या अंगणातला दयाळ आठवला. फोटोंचे म्हणाल तर रॉबिनची शेपटी दोनदा आली, रिकामी फांदी अकरा वेळा. तरी माझी तक्रार नाही. अशा हौशी पक्षीनिरीक्षणाला मोठी लेन्स लागत नाही, पहाटेची दोन तासांची झोप मोडावी लागते.

ट्रफाल्गर चौकात मात्र आमच्या मंडळींची निराशा झाली. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या सुरुवातीला अमरीश पुरी जिथे कबुतरांना दाणे घालतात, तिथे तसाच फोटो काढून घ्यायचा अनेकांचा बेत होता. तो चित्रपट १९९५ चा. चौकात दाणे घालायला २००३ मध्ये बंदी झाली. "पाखराला दाणा घालायचीसुद्धा बंदी? काय माणसं आहेत!" असे एक आजोबा म्हणाले. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत काय रणकंदन झाले ते आठवून मी गप्प बसलो.

आणि मग केन्सिंग्टन गार्डन्स. पंचेचाळीस मिनिटे मोकळी होती. पीटर पॅनच्या पुतळ्याच्या बाजूला पोहोचतो तोच वरून ओळखीची किंचाळी ऐकू आली. "अगं बाई, मिठू!" आमच्यातल्या एक वहिनी ओरडल्या. खरेच पोपट! लाल चोच, हिरवेगार अंग, नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी. एक म्हातारे साहेब सफरचंदाच्या फोडी हातावर ठेवून उभे होते आणि पोपट त्यांच्या मनगटावर, खांद्यावर, टोपीवर उतरत होते. खायला घालू नका, असे उद्यानवाले सांगतात, ऐकतो कोण? वहिनींनी एक फोड मागून घेतली. पोपट त्यांच्या तळहातावर बसला. "भाऊ, काढा, लवकर काढा!" मी काढला. सहलीतला माझा एकमेव धड आलेला पक्ष्याचा फोटो तोच.

हे पोपट लंडनला आले कसे, याच्या दंतकथा पुष्कळ. कोणी म्हणते, १९५१ च्या 'द आफ्रिकन क्वीन' चित्रपटासाठी आणलेले सुटले; कोणी म्हणते, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने जोडी सोडून दिली. लंडनच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या नोंदी तपासून या गोष्टींत तथ्य नसल्याचे दाखवले. खरी हकिगत साधी आहे. पाळण्यासाठी आणलेले पोपट जागोजागी, वेळोवेळी पिंजऱ्यांतून सुटत गेले. १९६९ च्या सुमारास ते इंग्लंडात मोकळ्यावर वीण करू लागले आणि पुढे हजारोंनी वाढले. युरोपातल्या या पोपटांची जनुके तपासली, तेव्हा त्यांचे मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतातले निघाले. म्हणजे आपल्याच मुलखातल्या ढोलीतून कुणीतरी काढलेल्या पिल्लांचे हे वंशज. जंगली पक्ष्यांची आयात युरोपीय संघाने २००५ मध्ये थांबवली आणि २००७ मध्ये कायमची बंद केली. आता झाडांतल्या ढोल्या ते बळकावतात, फळबागा नासतात, अशी तिथे ओरड आहे. ती अगदीच खोटी नाही; पण आपण होऊन तिकीट काढून हे पाहुणे गेलेले नाहीत.

"किती मोकळे आहेत नाही?" वहिनी म्हणाल्या. "आमचा मिठू शेजारी ठेवून आलेय. रोज फोन करून विचारते, मिरची खाल्ली का म्हणून." या प्रेमाबद्दल मला काडीची शंका नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. वाघ-बिबट्याचा कायदा बाल्कनीतल्या पिंजऱ्यालाही लागू होतो, हे आपल्या ध्यानीमनी नसते. पाळलेले कुत्रे नि पाळलेला पोपट आपल्या लेखी एकच. पण पोपट पाळणाऱ्याच्या घरी जन्माला येत नाही. झाडाच्या ढोलीत हात घालून तो काढलेला असतो, आणि विकत घेणारा आहे म्हणून काढलेला असतो. दंडापेक्षा हे सांगण्याची गरज जास्त आहे, आणि ते सांगायला शाळा आहेत, गणेशमंडळे आहेत, ही वर्तमानपत्रेही आहेत.

वहिनींना उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता. आमच्या साताऱ्याच्या घरीही सोप्यात पिंजरा टांगलेला असे. अण्णांनी बाजारातून पाटीतले पिल्लू आणले होते. आजीने त्याला 'विठ्ठल विठ्ठल' शिकवले. दर काही महिन्यांनी अण्णा कात्रीने त्याचे पंख छाटत. तेव्हा सगळेच छाटत. मी नऊ वर्षांचा असताना एका दुपारी सगळे निजलेले पाहून पिंजऱ्याचे दार उघडले. तो बाहेर आला, कठड्यावर बसला, उडाला आणि थेट अंगणात पडला. मांजर तुळशीवृंदावनामागे होते. मी ओरडलो, पण पायऱ्या उतरेपर्यंत सगळे संपले होते. दार कसे उघडे राहिले हे घरात कुणीच विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

बसमध्ये वहिनी माझ्यामागच्या आसनावर होत्या. बऱ्याच वेळाने वाकून हळूच म्हणाल्या, "भाऊ, सोडून दिला तर उडेल का हो तो?" तेव्हा साताऱ्याची ती दुपार मी प्रथमच कुणाला तरी सांगितली. सौ.नेही ती प्रथमच ऐकली. दार उघडून मोकळे होऊ नका, एवढेच मी वहिनींना सांगितले. छाटलेली पिसे गळून नवी यायला कित्येक महिने जातात, पंखांत बळ यायला त्याहून वेळ लागतो आणि अन्न शोधायला त्याला कुणी शिकवलेले नसते. त्याला जाणत्यांच्या हाती द्यायला हवे. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे विचारा.

वहिनींनी पर्समधून पेन काढले आणि लंडन आयच्या तिकिटामागे आकडा लिहून घेतला. मग विचारले, "पण ते ओरडणार नाहीत ना मला?"