स्टोव्ह घरी ठेवून सुटीला



आखाजी आठ-दहा दिवसांवर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. लोणच्याच्या कैऱ्या, गच्चीवरची वाळवणं, मुलांचा दुपारचा धिंगाणा आणि 'यंदा सुटीत कुठं जायचं?' या खेपेला आपल्या दीपनगरच्याच एका भगिनीचं पत्र आलंय. तिचे यजमान आणि मुलं चार दिवस तोरणमाळला जायचं म्हणताहेत. ती लिहिते, "मी म्हटलं, तुम्ही जाऊन या. मी आले तर तिथंही मलाच रांधायचंय. त्यापेक्षा घरी बसून बिबड्या, कुरडया तरी हातावेगळ्या होतील. यावरून घरात सगळे रुसलेत. माझं काही चुकलं का?"

चुकलं नाही गं बाई. पण तरीही तू जावंस असं मला वाटतं, आणि का वाटतं ते जरा सविस्तर सांगते. कारण तोरणमाळची सुटी मी लहानपणी दोन्ही तऱ्हांनी पाहिली आहे.

आमचंही लहानपण इथल्याच वसाहतीतलं. वडील वीज केंद्रात पाळीवर. पाळीवाल्या माणसाची सुटी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. इतर मुलं मामाच्या गावाला महिना-महिना राहायची. आम्हीही आखाजीला आईबरोबर आजोळी जायचो, झोके, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे, आमरस, सगळं व्हायचं. पण वडिलांना चार दिवस मिळायचे ते नेमके आखाजी उलटल्यावर, मे महिन्याच्या ऐन फुफाट्यात. मग ते म्हणायचे, "चला, तलावावर." तलाव म्हणजे तोरणमाळचा यशवंत तलाव. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून तिकडे गेलं.

भुसावळहून सुरतेकडची पॅसेंजर धरायची. जळगाव, धरणगाव, अमळनेर करत गाडी दोंडाईच्याला पोचेपर्यंत डब्याच्या खिडकीच्या सळया हाताला चटका द्यायच्या. तिथून एसटीनं सारंगखेड्याचा तापीचा पूल ओलांडून शहादा, आणि शहाद्याहून पुन्हा दुसरी एसटी. सातपुड्याचा घाट लागला की आई आमच्या हातात लिंबू द्यायची, हुंगायला. निम्मा घाट चढला की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा गुण बदलायचा. झळ जाऊन नुसता वारा राहायचा. तो क्षण पकडायची आम्हा भावंडांत पैज असे.

यात जादू नाही बरं का. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंच आहे, आणि आपलं भुसावळ जेमतेम दोनशे. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे इथं ४४ असेल तर तिथं ३८ च्या आसपास. दुपारी तिथंही ऊन लागतंच. पण संध्याकाळी तलावावरून वारा सुटला की अंगावर चादर घ्यावी लागते. इथं त्याच वेळेला आपण गच्चीवर पाणी मारत असतो.

सरकारी विश्रामगृहाची एक खोली आधी पत्र लिहून ठरवलेली असायची. आम्ही मुलं एसटीतून उतरलो की पाण्याकडे. कमळ तलाव वेगळा, सीताखाई वेगळी. सीताखाईचा धबधबा पावसाळ्यातला, मे महिन्यात नुसती खोल दरी. आम्ही सगळं पायी पालथं घालायचो. आणि आई? सामानातली सगळ्यात जड ट्रंक तिची असायची. तिच्यात पंपाचा स्टोव्ह, त्याची पिन, तवा, परात, पोळपाट-लाटणं, डाळ-तांदूळ, कणीक, तिखटामिठाचे डबे. रॉकेल गाडीतून न्यायला बंदी, म्हणून ते चौकीदाराकडून मागून घ्यायचं. खोलीच्या मागच्या बाजूला एक अंधारी मोरीवजा जागा होती, तिथं तिचा संसार मांडला जायचा. सकाळी चहा, मग पोळी-भाजी, दुपारी पोहे, रात्री खिचडी. तलाव तिच्या वाट्याला यायचा तो धुणं धुण्यापुरता. चार दिवसांनी आम्ही ताजेतवाने होऊन परतायचो आणि ती एसटीत बसल्या बसल्या झोपायची.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी, १९८३ च्या मे महिन्यात, वडिलांनी ट्रंक काढली तशी आई म्हणाली, "स्टोव्ह घेऊ नका. घेतलात तर पेटवायचा तुम्ही." वडिलांना वाटलं थट्टा करतेय. "मग खायचं काय?" "दोन दिवसांचं मी इथून करून देते. पुढचं तुम्ही बघा. तिथं माझे हात चालणार नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती तिच्या बोलण्यावरून हलली नाही. वडील दोन दिवस घुम्यासारखे वागले. मग स्टोव्ह माळ्यावर गेला.

त्या वर्षी पहिले दोन दिवस आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि सातूचं पीठ खाल्लं. तिसऱ्या दिवशी वडिलांनी चौकीदाराच्या बायकोशी बोलून पैसे ठरवले. तिनं चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरी आणि उडदाची डाळ करून दिली. (आईची सुटी दुसऱ्या एका बाईच्या चुलीवर झाली, हे मला मोठेपणी कळलं. आईला बहुधा तेव्हाच कळलं असावं, कारण निघताना ठरल्यापेक्षा जास्त पैसे तिनं स्वतःच्या हातानं त्या बाईला दिले.)

आणि मग आई काठावर आली. साडी घोट्याच्या वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. आम्ही तिला असं कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आम्हीच जरा अवघडलो. तिनं खाली वाकून एक चपटा दगड निवडला आणि तिरपा फेकला. एक, दोन, तीन... सहा उड्या! पाण्यावर असा दगड उडवण्याला आम्ही भाकऱ्या काढणं म्हणतो. वडिलांच्या दोनाच्या वर कधी जात नसत. आई म्हणाली, "माहेरी विहिरीत पोहायचे मी. भावांच्या आधी उडी माझी असायची." लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि ही गोष्ट वडिलांना ठाऊक नव्हती. ते तिच्याकडे बघतच राहिले. त्या चार दिवसांत आईनं काढलेल्या भाकऱ्या एवढ्याच.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी, तुझी तक्रार खरी आहे, पण घरी राहणं हा तिच्यावर उपाय नव्हे. तू मागं राहिलीस तर मुलांना सुटीतली आई ठाऊकच होणार नाही. मात्र जायचं तर अटीवर जा, आणि अट निघायच्या आदल्या रात्री नको, आठ दिवस आधी घाल. आदल्या रात्री घातलेल्या अटीला घरातले रुसवा समजतात.

आता तुला रॉकेल शोधावं लागणार नाही, जेवणही विकत मिळतं, हे खरं. पण गाडीतलं खाणं, औषधं, मुलांचे कपडे, परतल्यावरच्या धुण्याचा ढीग, हे कुणाकडे येतं ते तूही जाणतेस. मुलं दहा वर्षांच्या पुढची असतील तर ज्यानं त्यानं आपली पिशवी भरायची. काही राहिलं तर त्याच्यावाचून चार दिवस काढायचे. यजमानांकडे जेवणाची सोय आणि औषधांचा डबा द्यावा. त्यात ओकारीची गोळी, जुलाबाची साखर-मिठाची पुडी आणि मलम असलं की पुरे. पोरांना पाण्याकडे एकटं सोडू नका. काठ उथळ दिसला तरी पुढं गाळ आणि शेवाळ असतं, पाय रुततो.

वाटेवरच्या खाण्यासाठी दशम्या दुधात पीठ भिजवून करा, पाण्याचा थेंब नको. पूर्ण निवल्यावरच फडक्यात बांधा. वाफेसकट डब्यात कोंबल्या तर या उन्हाळ्यात संध्याकाळीच आंबूस होतील. दीड-दोन दिवसांच्या वर भरवसा ठेवू नये. सातूचं पीठ मात्र महिनाभर टिकतं. गहू थोडे ओलवून, सडून, वाळवून खमंग भाजावेत. दोन वाट्या गव्हांना एक वाटी फुटाण्याचं डाळं, चमचाभर भाजलेलं जिरं आणि थोडी सुंठ घालून दळून आणावं. गार पाण्यात किंवा दुधात गूळ विरघळवून त्यात कालवलं की झालं. ना चूल, ना भांडी. मुलांनाही स्वतःचं स्वतः कालवून घेता येतं, आणि हा त्याचा खरा गुण.

राहता राहिल्या कुरडया. त्या जून लागेपर्यंत होऊ शकतात, ऊन कुठं पळून जात नाही. फक्त गहू निघायच्या आधी भिजत घालू नकोस. तीन दिवस रोज पाणी बदलावं लागतं, आणि ते मागं राहिलेल्या सासूबाईंच्या गळ्यात पडेल. परत आल्यावर, धुण्याचा ढीग संपला की मगच घाल. आणि त्या दिवशी चीक शिजवताना घोटायला यजमानांना उभं कर. त्याला मनगटात जोर लागतो.