उरलेले तीन पर्याय कोण वाचणार?

परदेशातून डॉक्टर होऊन आलेली मुलं माझ्याकडे एफएमजीईच्या, म्हणजे भारतात डॉक्टरकी करण्यासाठी त्यांना द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या, तयारीला येतात. कुणी रशियातून, कुणी किर्गिझस्तानातून. पहिल्याच भेटीत आकडा सांगतात: “सर, क्यू-बँकेतले दहा हजार प्रश्न झाले.” त्यातलं शिकलात किती, हे विचारलं की गोंधळतात.

परीक्षा 300 गुणांची, दीडशे-दीडशे प्रश्नांचे दोन भाग; 150 मिळाले की पास. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तिथे तुक्का मारणं शहाणपणाचंच. पण हीच सवय सरावात शिरते. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर ‘येतं’ या खात्यात जमा होतं आणि मुलगा पुन्हा तिकडे फिरकत नाही. म्हणून उत्तर पाहण्याआधी ‘ठाम’ की ‘अंदाज’ हे लिहायला मी लावतो. अंदाजाचं बरोबर उत्तर माझ्या हिशेबी चूकच.

आता हा प्रश्न घ्या. कपाशीवर फवारणी करून आलेला शेतकरी. तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद. औषध कोणतं? अ‍ॅट्रोपिन, नॅलॉक्सोन, फायसोस्टिग्मिन की फ्लुमाझेनिल? मुलं क्षणात अ‍ॅट्रोपिन म्हणतात. मग मी विचारतो, नॅलॉक्सोन बरोबर ठरावं म्हणून या रुग्णात काय बदलाल? लाळ-घाम काढा, श्वास मंदावू द्या, बाहुल्या तशाच ठेवा. झाला अफूचा रुग्ण. फायसोस्टिग्मिनसाठी? बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडं, बडबड चालू: धोत्र्याचं बी. आणि तेच औषध या शेतकऱ्याला दिलं तर विषाच्याच कामात भर. अ‍ॅट्रोपिन तरी कुठवर द्यायचं? छातीतली घरघर थांबेपर्यंत, बाहुल्या बघून नव्हे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले. आपल्याकडच्या डॉक्टरला हे पाठ नव्हे, उमजलेलं हवं.

प्रश्न सोडवण्यालाच माझा विरोध आहे असं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवडाभराने आठवून लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. यात मेहनत आठवण्याची आहे. उत्तरावर टिचकी मारून स्पष्टीकरणाला पिवळा रंग फासणं म्हणजे पुन्हा वाचनच, फक्त मोबाइलवर. रिकॉलच्या, म्हणजे आधीच्या परीक्षार्थींनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांच्या, पीडीएफबद्दल तर बोलायलाच नको.

परवा एका मुलीने मलाच अडवलं. “सर, याच शेतकऱ्याची नाडी जलद असेल तर हे विष नाहीच का?” असू शकतं. हे विष निकोटिनिक रिसेप्टरांच्या बाजूनेही काम करतं, तेव्हा नाडी धावते. त्यावर तासभर गेला.

पालक फोन करून विचारतात, रोज किती प्रश्न होतात? चाळीसेक, म्हटलं की नाराज होतात. पलीकडच्या क्लासात दोनशे होतात म्हणे.