जुगाड आणि जीप यांच्यातील अंतर

१/१४
भंडारा जिल्ह्यात ऐन पावसाळ्यात धानाच्या बांधीपर्यंत पोहोचणारे जुने वाहन कोणत्याही कारखान्यातून आले नव्हते. ते गावातच घडत असे. त्याचे नाव बंडी. भंगारातले इंजिन, जुनी चासी आणि वेल्डिंग मशीन यांच्या बळावर घरच्या घरी, कमी खर्चात, चिखलातून चालणारा ट्रक किंवा जीप बांधण्याची हौस आज अनेक तरुणांना आहे. या हौसेकडे केवळ गंमत म्हणून पाहणे योग्य नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे आणि तिच्यापुढे एक अनुत्तरित प्रश्न आहे. हा थ्रेड त्या दोहोंविषयी.

२/१४
बंडीचे चाक हे दोन कारागिरांचे संयुक्त काम होते. तुंबा, आरे आणि पाट्या जुळवणे सुताराकडे. लोखंडी धाव घडवणे लोहाराकडे. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवली जाई. आगीत तापून ती प्रसरण पावली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना आकसणारे लोखंड संपूर्ण चाक आवळून धरी. भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यातला नियम गावात रोज वापरला जात होता.

३/१४
या व्यवस्थेचा खरा कणा मात्र वेगळा होता. बंडी बनवणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा एकाच गावात राहत. आस मोडली तर बनवणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी जाब द्यावा लागे. कागदावरचा नियम नसला तरी परीक्षा होती आणि उत्तरदायित्वही होते. शिवाय बैलाच्या चालीने होणारी चूक स्वस्त असे. फार तर पोती सांडत, बैल लंगडा होई. इंजिन आले, वेग वाढला आणि चुकीची किंमत भलत्याच माणसाच्या जिवावर जाऊ लागली.

४/१४
भंडारा ते साकोली या महामार्गावर लाखनीच्या अलीकडे गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून उभा आहे. ट्रकांचे गिअरबॉक्स बनवणे हे त्याचे एक मुख्य काम. म्हणजे ज्या जिल्ह्यात बंडीची धाव तापवली जात होती, त्याच जिल्ह्यात सूक्ष्म मापाचे दातेरी चक्रही कापले जाऊ लागले. परंतु या दोन ज्ञानपरंपरांची भेट घडवून आणणारी व्यवस्था निर्माण झाली नाही. कारखान्यातले ज्ञान अभियांत्रिकी ठरले. गावच्या गॅरेजातले ज्ञान ‘जुगाड’ ठरले.

५/१४
हे विभाजन मुळात किती कृत्रिम आहे, हे जीपच्या जन्मकथेतून कळते. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला हलके, चारही चाकांना ताकद देणारे वाहन हवे होते. पहिला नमुना ४९ दिवसांत सादर करण्याची अट होती. ती पाळली बॅन्टम या पेन्सिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या, आर्थिकदृष्ट्या डबघाईला आलेल्या लहानशा कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला. इंजिन कॉन्टिनेंटल कंपनीचे घेतले. स्पायसरने स्टुडबेकर मोटारीचे अ‍ॅक्सल सुधारून दिले. बाजारात मिळणारे सुटे भाग जुळवून ते वाहन हाताने उभारले गेले.

६/१४
२३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, तो नमुना लष्करी तळावर पोहोचला. निर्णायक भाग यापुढचा आहे. सैन्याने टाळ्या वाजवून तो परत पाठवला नाही. वजन ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होते, तरीही त्याला तीन हजारांहून अधिक मैल, बहुतांशी रस्ता सोडून, निर्दयपणे चालवले. जे मोडले त्याची नोंद केली, ते सुधारून घेतले. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी त्या कल्पनेच्या सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. थोडक्यात, जीप हा परीक्षा उत्तीर्ण झालेला जुगाड होता.

७/१४
हीच विलीज जीप १९४७ पासून मुंबईत महिंद्रांकडे जुळवली जाऊ लागली. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, इचलकरंजीत, शंकरराव कुलकर्णी स्वतःची मोटार घडवत होते. ‘मीरा’ या त्यांच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ मध्ये तयार झाला. त्यानंतर सत्तरच्या दशकापर्यंत ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. परवान्यांच्या त्या काळात मीराचे कारखानी उत्पादन कधीच सुरू झाले नाही. बाहेरून आलेल्या आराखड्याला जुळणीचा कारखाना मिळाला. इथल्या आराखड्याला तो मिळाला नाही.

८/१४
सात दशकांनंतर ही कथा वेगळ्या रूपात परतली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग आणि दुचाकीचे इंजिन वापरून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ती नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी लिहिले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली.

९/१४
देणाऱ्याचा हेतू उदार होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न समाजाचा आहे. एका कारागिराच्या हातच्या गाडीला बक्षीस मिळाले, प्रसिद्धी मिळाली, प्रेक्षक मिळाले. रस्ता मात्र मिळाला नाही. ती कोणत्या वेगाला सुरक्षित आहे, तिचा ब्रेक किती अंतरात लागतो, तिच्यात काय सुधारले असते तर ती रस्त्यावर चालू शकली असती, हे प्रश्न सार्वजनिक चर्चेत आलेच नाहीत. कौतुक सोपे असते. परीक्षा घेणे म्हणजे समोरच्याला गांभीर्याने घेणे.

१०/१४
दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उत्तर भारतात पाण्याच्या पंपाचे इंजिन बसवलेल्या ‘जुगाड’ गाड्यांच्या अपघातांत माणसे मेली आणि विमा नसल्याने त्यांच्या कुटुंबांची भरपाईसाठी परवड झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हेही कायद्याच्या अर्थाने मोटार वाहनच आहे, त्याला नोंदणी आणि विमा हवा, असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीविना वाहनात फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. हा कायदा अनाठायी नाही. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या बाजूने उभा आहे.

११/१४
म्हणून काटकसरीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चिखलातल्या वाहनाला भक्कम चौकट, जमिनीपासून पुरेशी उंची, दात असलेले टायर, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस लागते. बॉडी, आसने, रंग, दिखाऊ दिवे यांवर हवी तेवढी बचत करता येते. ब्रेक, स्टिअरिंग आणि चासीवरील वेल्डिंग यांवर एक रुपयाही वाचवता येत नाही. उंची वाढवली की गुरुत्वमध्यही वर जातो आणि धुऱ्यावरून उतरताना गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. जुना सुतार साध्या लाकडात बंडीची साटी करी. तुंब्यासाठी मात्र उत्तम लाकूड निवडून घेई. काटकसरीचे शहाणपण तेच आहे.

१२/१४
परीक्षेसह घडवणे भारतात अशक्य नाही, याचा पुरावा २००७ पासून भरणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेत मिळतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडबडीत जमिनीवर चालणारे एकआसनी वाहन स्वतः बांधतात. आधी तांत्रिक तपासणी, मग ब्रेकची चाचणी आणि अखेरीस चार तासांची सहनशक्तीची शर्यत. तपासणीत नापास झालेले वाहन शर्यतीत उतरत नाही. ही दारे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उघडी आहेत. गावातल्या फिटरला, वेल्डरला, आयटीआय झालेल्या मुलाला ती बंद आहेत. हा फरक कौशल्याचा नसून प्रवेशाचा आहे.

१३/१४
ब्रिटनमध्ये २००९ पासून एकेकट्या, हौसेने बांधलेल्या वाहनाची तपासणी करून त्याला मान्यता देण्याची रीतसर योजना आहे. भारतीय कायद्यालाही ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. अपंग व्यक्तीसाठी वाहनात अनुरूप बदल करण्यास परवानगी देण्याची तरतूद त्यात आहे. नव्या वाहनाचा नमुना तपासणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यात आणि व्हीआरडीई अहिल्यानगरात आहे. परंतु त्यांची प्रक्रिया कारखानदारासाठी आखलेली आहे, आणि भंडाऱ्याहून पुणे साडेसातशे किलोमीटरांहून दूर. वर्षातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी ब्रेक, स्टिअरिंग, चौकट आणि दिवे यांची तपासणी व्हावी. कमी वेगाची आणि ठराविक वापराची अट घालून उत्तीर्ण वाहनाला मर्यादित नोंदणी व विमा मिळावा. अनुत्तीर्णाला निदान नापास होण्याचे कारण तरी लिहून मिळावे.

१४/१४
जुगाडाचे गोडवे गाणारे आणि जुगाडावर बंदी मागणारे, दोघेही एकाच गृहीतकावर उभे आहेत: गावच्या कारागिराचे काम तपासण्याच्या योग्यतेचे नाही. इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. बॅन्टमचा नमुना तपासला गेला, म्हणून जीप झाली. मीराला पुढची पायरीच मिळाली नाही, म्हणून ती आठवण झाली. एखाद्या गॅरेजात बांधलेल्या गाडीवर रीतसर तपासणीनंतर ‘एमएच ३६’ची पाटी लागेल, त्या दिवशी भंडारा जिल्ह्यात बंडीच्या काळातले उत्तरदायित्व इंजिनाच्या काळात पुन्हा आलेले असेल. तोवर टाळ्या राखून ठेवलेल्याच बऱ्या.