अक्कलदाढेचा खर्च अक्कलखाती का?



युनियनच्या मुखपत्रात दाढदुखीवर लेख कशाला, असे काही जण म्हणतील. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, खासगीकरण हे प्रश्न आ वासून उभे असताना तुम्ही दाढेचे काय घेऊन बसलात? त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, सुजलेल्या गालाला मफलर बांधून रात्रपाळीत पॉइंटवर कधी उभे राहिला आहात काय? अक्कलदाढ ठणकत असताना आर.एम.एस.मध्ये आठ तास सॉर्टिंग केले आहे काय? ज्याने केले आहे, तो हा प्रश्न विचारणार नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. अडकलेली अक्कलदाढ काढणे ही चैन नाही. तो उपचार आहे, आणि नियमाने तो आमचा हक्क आहे. हा हक्क कागदावर ठेवून कामगाराला खासगी दवाखान्याच्या दारात उभे केले जाते, याविरुद्ध आमची तक्रार आहे.

आधी दुखणे काय ते समजून घेऊ. अक्कलदाढा साधारण सतरा ते पंचवीस वर्षांच्या वयात येतात. सगळे दात आपापली जागा धरून बसल्यावर या येतात, त्यामुळे जबड्यात त्यांना जागा उरत नाही. मग कुणाची दाढ तिरपी येते, कुणाची आडवी होऊन हाडात अडकते, कुणाची अर्धी बाहेर येते आणि अर्धी हिरडीखाली राहते. त्या हिरडीखाली अन्न अडकते, पू होतो, गाल सुजतो, तोंड उघडेनासे होते. सूज हनुवटीखाली व गळ्यात उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ते जिवावरचे दुखणे असते. अशा वेळी ड्यूटी बाजूला ठेवून ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.

अशी दाढ चिमट्याने ओढून निघत नाही. आधी एक्स-रे काढावा लागतो. मग भुलीचे इंजेक्शन देऊन हिरडी उघडायची, थोडे हाड कापायचे, दाढेचे तुकडे करून ते काढायचे आणि टाके घालायचे. खालच्या दाढेच्या मुळांजवळून जबड्याची नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. म्हणून हे काम जाणत्या सर्जनचे आहे, स्टेशनबाहेर फळी टाकून बसणाऱ्याचे नव्हे.

आता खर्चाकडे वळू. शहरातल्या खासगी दवाखान्यात अशी एक दाढ काढायला पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत सांगतात. एक्स-रे आणि औषधे अनेकदा वेगळी असतात. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून ठरवलेले किमान मूळ वेतन १८,००० रुपये. म्हणजे एका दाढेपायी पगाराचा मोठा लचका तुटतो. ग्रामीण डाकसेवकाचा तर विचारच करू नका.

आमच्या शाखेतील एका ट्रॅकमेंटेनर बंधूची हकीकत सांगतो. खालची दाढ आडवी आलेली. लहान स्टेशनवरच्या आरोग्य केंद्रात तीन वेळा दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या मिळाल्या. पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवले, तर दातांचे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येणार आणि जबड्याचा पूर्ण एक्स-रे बाहेरून काढा म्हणणार. हा बंधू दुखणे घेऊन पावसात गस्त घालत राहिला. शेवटी एका रात्री तोंड उघडेना, तेव्हा बायकोने त्याला तालुक्याच्या गावी खासगी डॉक्टरकडे नेले. बारा हजार रुपये पतपेढीतून काढले. संदर्भपत्र नाही म्हणून परतावा नाही! संदर्भपत्र द्यायचे कुणी? ज्यांनी तीन वेळा गोळ्या देऊन परत पाठवले, त्यांनीच ना?

दुसरी हकीकत टपाल खात्यातील एका बंधूची. त्याने सगळे रीतसर केले. खात्याच्या अधिकृत डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, मान्यताप्राप्त रुग्णालयात दाढ काढली, मूळ बिले जोडली. बिल परत आले. शेरा काय, तर दातांचा उपचार, मंजूर नाही. बाबूसाहेबांच्या मते दात म्हणजे दिसण्याची गोष्ट!

साहेब, नियम वाचा. सी.जी.एच.एस.बाहेरच्या गावांतील केंद्रीय कर्मचाऱ्यांना केंद्रीय सेवा वैद्यकीय परिचर्या नियम, १९४४ लागू आहेत. अडकलेली अक्कलदाढ काढण्याची शस्त्रक्रिया ही मोठ्या स्वरूपाचा दंतोपचार धरावी, असे त्यांत स्पष्ट नमूद आहे. शोभेसाठी केलेले काम वेगळे आणि हे वेगळे. नियमाचा कागद समोर ठेवल्यावर ते बिल ठरलेल्या दरापर्यंत मंजूर झाले. पण तोवर अर्ज लिहून त्या बंधूच्या दातांच्या कण्या झाल्या. प्रत्येक कामगाराने आपला हक्क असा भांडूनच मिळवायचा काय?

काही दोष आमच्याही पदरात घ्यायला हवा. आपण चिठ्ठी मागत नाही. दुकानातून गोळी घेतो, वर तंबाखू दाबतो, दुखणे थांबले की विसरतो. मग ऐन वेळी धावत सुटतो आणि सांगतील ती रक्कम मोजतो. काही ठिकाणी एक दाढ दुखत असता चारही काढून टाका असा सल्ला मिळतो. हात जोडून सांगतो, घाई करू नका. निरोगी, त्रास न देणारी अक्कलदाढ उगाच काढू नये, असा निर्वाळा ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी तेथील नाइस या संस्थेने २००० सालीच दिला आहे. दाढ सरळ असेल आणि नुसती वरची हिरडी सुजत असेल, तर कधी कधी साफसफाईने किंवा तेवढी हिरडी कापूनही भागते. वारंवार पू होणे, दाढ किडणे, शेजारच्या दाढेला धक्का पोहोचणे, गाठ होणे, ही काढण्याची खरी कारणे.

मग कामगाराने करावे काय? रेल्वे बंधूंनी उमीद कार्ड घेऊन प्रथम आपल्या आरोग्य केंद्रात नोंद करावी आणि तेथे सोय नसेल तर पुढच्या रुग्णालयासाठी लेखी संदर्भपत्र मागावे. तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नये. टपाल बंधूंनी सी.जी.एच.एस.च्या शहरात वेलनेस सेंटरमधून, बाहेर असल्यास अधिकृत डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी. एक्स-रे, चिठ्ठी व मूळ बिले जपावीत आणि प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. ठेकेदाराकडील सफाई कामगारांच्या पगारातून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जात असेल, तर त्यांनी ई.एस.आय. दवाखान्यात जावे.

यांपैकी काहीच जमत नसेल, तरी सरकारी दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जवळच आहे, आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. नागपूर व छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालये आहेत. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्या बंधूंसाठी इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर आणि गोव्यात बांबोळी येथे ती आहेत. तेथे रांग लागते, दोन-तीन खेपा होतात, पण खर्च खासगीच्या मानाने फारच थोडा येतो. शिकाऊ डॉक्टर म्हणून बिचकू नका, वर शिक्षक उभे असतात. दाढ काढल्यावर कापसाचा बोळा सांगतील तितका वेळ दाबून धरा, त्या दिवशी थुंकू नका, चुळा भरू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा. तंबाखू, बिडी, मिश्री बंद. नाहीतर जखम उघडी पडून पहिल्यापेक्षा वाईट ठणका लागतो.

परंतु कामगाराने पर्याय शोधले म्हणून प्रशासनाची जबाबदारी संपत नाही. आमच्या मागण्या अशा :

१) प्रत्येक विभागीय रेल्वे रुग्णालयात दातांची खुर्ची, संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेची सोय आणि रोज हजर राहणारा दंतवैद्य असावा. मुखशल्यचिकित्सकाचा वार ठरलेला असावा व तो फलकावर लिहावा.

२) सोय नसेल तेथे त्याच दिवशी संदर्भपत्र द्यावे. दुखण्याला पुढचा आठवडा माहीत नसतो.

३) अक्कलदाढेचे बिल केवळ दातांचे म्हणून परत करणाऱ्या अधिकाऱ्याने नियमाचे कलम लिहून द्यावे.

४) शस्त्रक्रियेनंतर सूज उतरेपर्यंत, विशेषतः लोको पायलट, पॉइंट्समन व ट्रॅकवरील बंधूंना, बिनतक्रार आजारी रजा मिळावी. गोळ्यांच्या गुंगीत गाडी चालवणे कुणाच्याच हिताचे नाही.

५) ग्रामीण डाकसेवक ना सी.जी.एच.एस.मध्ये, ना १९४४ च्या नियमांत. ऊन-पावसात टपाल पोहोचवणाऱ्या या माणसाला दाढ नसते काय? त्याला वैद्यकीय सवलत मिळालीच पाहिजे.

शाखा सचिवांना आमची विनंती आहे की, नाकारलेले प्रत्येक बिल शेऱ्यासह गोळा करावे आणि पुढच्या तक्रार निवारण बैठकीत टेबलावर ठेवावे. एकट्याचा अर्ज फायलीत जातो, शंभरांचे अर्ज बैठकीच्या विषयपत्रिकेवर येतात. दाढेचा खर्च आजवर आपण निमूटपणे अक्कलखाती टाकत आलो. यापुढे तो प्रशासनाच्या खाती लिहायला लावू.

कामगार एकजुटीचा विजय असो!